अंबादासचे वरचे दोन दात

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत कुणाची हळद असली की बँडमध्ये क्लॅरिनेट अंबादासचंच हवं, असा हट्ट धरायचे लोक. हे वाद्य फुंकायचं म्हणजे वरचे पुढचे दोन दात त्याच्या टोकावर घट्ट टेकवावे लागतात. तेच दात हलायला लागले, आणि त्याची बायको कमल दातांच्या दवाखान्यात चल म्हणून त्याच्या मागे लागली.

माणूस हेकट. अंगात ताप असला तरी वाजवायला जाणार. सकाळी उठला की मिश्री, जेवला की मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, बोटानं हिरड्यांना चोळायची, ही त्याच्या आईची शिकवण. भाजायचं काम लग्नापासून कमलकडे. धुरानं शेजारीण खोकत यायची, भांडून जायची. कमल तवा काही उतरवायची नाही.

दातांची डॉक्टर मानसी वयानं लहान, पण तोंडानं फटकळ. "काका, दात किडलेले नाहीत, हिरड्यांचा आजार आहे. मुळाशी घाण साचून दगडासारखी झालीय, त्यानं आतलं हाड झिजतंय. हिरडीखालून साफ करावं लागेल, चार वेळा यावं लागेल. आणि मिश्री आजपासून बंद."

पहिली सफाई झाली. अंबादासनं मिश्री खरंच सोडली. आठवडाभरात ब्रश लावला की रक्त. जन्मात कधी आलं नव्हतं. मोरीतलं लाल पाणी बघून तो म्हणाला, "बघ, सोडली आणि वाट लागली. मिश्रीनंच हिरड्या घट्ट होत्या ना." कमललाही पटलं. रोग परवडला पण इलाज नको, असं म्हणत तिनं दवाखान्याची पुढची तारीख चुकवली आणि तवा चढवला. रक्त थांबलं. बाई इतकी खूश, की गल्लीभर सांगत सुटली.

वर्ष गेलं. मुलुंडला एका हळदीत वाजवता वाजवता सूर फाटला. अंबादास तोंडावर रुमाल धरून बाजूला झाला. दात नुसते हलत नव्हते, डुगडुगत होते.

मानसीनं तपासलं. या वेळी ती ओरडली नाही, त्यानंच कमल घाबरली. "मावशी, तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून रक्त येत नाही. आजार आत चालूच राहतो, फक्त दिसत नाही. सोडल्यावर रक्त आलं, ते हिरडी शुद्धीवर येत होती म्हणून. तेव्हाच यायचं होतं."

मग सगळं केलं. मिश्री सुटली, सफाई पुरी झाली, हिरड्या गुलाबी झाल्या, तोंडाचा वास गेला. मानसी म्हणाली, आजार आटोक्यात आला.

"आणि दात?"

"गेलेलं हाड परत नाही येत, मावशी. जपून वापरले तर जेवणापुरते टिकतील."

अंबादासनं आपल्याला चार शिव्या द्याव्यात, असं कमलला फार वाटत होतं. तो म्हणाला, "तुला काय ठाऊक होतं गं." हे ऐकणं जास्त जड गेलं.

बँडवाल्या विशालनं माणुसकी राखली. अंबादासला काढलं नाही, हातात खुळखुळा दिला. परवा गल्लीतूनच वरात गेली. क्लॅरिनेट दुसराच कुणी वाजवत होता, अंबादास मागच्या रांगेत होता. गाण्याचा चढ आला तशी खुळखुळ्याच्या दांड्यावर त्याची बोटं उघडमीट करू लागली, एकेका सुराची जागा बरोबर दाबत. दारात उभ्या कमलला ते दिसलं. वरात वळेपर्यंत ती तशीच बघत राहिली. दुसरं काही करण्यासारखं तिच्याकडे नव्हतं.