पाटात उभी राहिलेली आई

मी घर सोडलं त्या दिवशी आई मला गाडीपर्यंत सोडायला आली नाही. अख्खी वस्ती आली. चुलत्या आल्या, बांधावरून ज्यांच्याशी आमचं वर्षभर बोलणं नव्हतं ते शेजारीसुद्धा आले. कुणी ओवाळलं, कुणी हातावर दही ठेवलं. तात्या, म्हणजे माझे वडील, पासपोर्ट जागेवर आहे ना हे माझी पर्स उघडून चौथ्यांदा बघत होते. आणि आई उसाच्या कडेला पाटात उभी. घोट्याच्या वर पाणी, हातात खोरं. मी बांधावरून हाक मारली तर तिथूनच म्हणाली, "पाण्याची पाळी हाय. जा तू. पोचल्यावर फोन कर."

सप्टेंबरचं ऊन होतं, पावसानं दडी मारली होती, उसाला पाण्याची गरज होती हे सगळं खरं. पण लेक सातासमुद्रापार चालली आणि हिला एक पाळी दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही? गाडी बारामतीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मागं वळून बघत होते. ती पाण्यातून बाहेर आली नाही. तो राग मी ग्लासगोला सोबत नेला. सामानाचं वजन काट्यावर तोलून गेले होते, राग तेवढा हँडबॅगेत बसला.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या अलीकडं. कालव्याचं पाणी, ऊस, थोडं डाळिंब. आणि या पट्ट्यात आईचं एका कामात नाव होतं, ते म्हणजे दारं धरणं. ज्यांनी ऊस फक्त रसवंतीत पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते: एक सरी भरली की मातीचा छोटा बांध खोऱ्यानं फोडायचा, पाणी पुढच्या सरीत वळवायचं, मागचं तोंड मातीनं बुजवायचं. हे तासन् तास, अनवाणी, चिखलात. डिसेंबरच्या सकाळी या कामाला बापई माणसं कानाला मफलर गुंडाळून कुरकुरत जायची. आई हसत जायची. आमचं झालं की चुलत्यांचंही धरून द्यायची. तात्या पारावर मिशीवर ताव देऊन सांगायचे, "आमच्या हिला पाणी म्हंजी जीव की प्राण."

घरात मात्र तिच्या काही खोडी होत्या, त्यांची आम्ही यथेच्छ थट्टा करायचो. चप्पल असून घालायची नाही. थंडीत गोधडी गळ्यापर्यंत आणि पाय बाहेर, फरशीवर. लग्नकार्यात पंगत ऐन रंगात आली की ही गायब, शोधायला जावं तर मागच्या हौदापाशी. "आई, तू मागच्या जन्मी म्हैस होतीस," असं मी म्हणायचे आणि तीही हसायची. आता ते आठवलं की माझी मलाच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी बारामतीला कॉलेज केलं, मग पुणे, मग ग्लासगो. तुमच्यापैकी जे असे टप्प्याटप्प्यानं लांब गेले त्यांना ठाऊक आहे, प्रत्येक टप्प्यावर घरचे तेच विचारतात: "पर तू करतीस काय नक्की?" मी दुखण्याचा अभ्यास करते. जखम भरली, हाड जुळलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तरीही महिनोन् महिने, वर्षानुवर्षं जे दुखत राहतं, ते. काही घराण्यांत ते पिढ्यान् पिढ्या उतरतं. अशा घराण्यांतल्या माणसांशी मी बोलते, त्यांच्या रक्तातला जनुकांचा मजकूर वाचते आणि चूक कुठं झालीय ते शोधते. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात एक वाक्य ऐकलेलं असतं: तुला काही झालेलं नाही. इंग्रजीत ऐकलेलं असतं, एवढाच फरक.

नोकरी लागल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दादाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, मागं लागून सगळ्या उसाला ठिबक करायला लावलं. नळी झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी सोडते. पाट नको, पाळी नको, चिखल नको. माझी आई आता या वयात पाण्यात उभी राहणार नाही, हे मी लॅबमध्ये सगळ्यांना अभिमानानं सांगितलं. आई फोनवर म्हणाली, "बरं केलंस." त्यानंतर वर्षभरात दादाच्या फोनचा सूर बदलला. आई बसून असते. चिडचिड करते. शेताकडं फिरकत नाही. "म्हातारी झाली गं आता," दादा म्हणाला. मीही मान्य केलं. आईबापांना लांबून म्हातारं करून टाकणं सोपं असतं.

मग एका सकाळी आमच्या क्लिनिकमध्ये एक निवृत्त पोस्टमन आले. बाहेर बर्फ आणि यांच्या पायात उघड्या सपाता. पाय लालभडक, हात जवळ नेला तरी धग लागावी असे. त्यांना आणि त्यांच्या आईला एकच दुखणं: ऊब मिळाली, जास्त चाललं, जास्त वेळ उभं राहिलं की पायांची आग आग होते, निखाऱ्यावर ठेवल्यासारखी. गारव्यात तेवढी थांबते. ते सांगत होते आणि मी लिहून घेत होते. म्हणाले, हिवाळ्यात बर्फातली लांबची टपाल-फेरी मी मुद्दाम मागून घ्यायचो. सगळे म्हणायचे, काय कष्टाळू माणूस आहे! मी कुणाला सांगितलं नाही की मी पाय गार करायला जातो.

माझं पेन थांबलं. हे दुखणं मी चार वर्षं शिकत होते. त्यावरचे लेख वाचत होते, इतरांना समजावत होते. आणि पाटातले पाय माझ्या डोळ्यांपुढं आयुष्यभर होते.

आणि मी ठिबक केलं होतं! तिचं एकमेव औषध मी माझ्या हौसेनं बंद केलं होतं. पाटात उभं राहणं हे काम होतं, त्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. घरात बादलीत पाय घालून बसणं म्हणजे कबुलीच झाली असती.

त्याच दुपारी फोन लावला. आई म्हणाली, "मला काय हुतंय? बरी हाय मी. तू जेवलीस का?" माझा स्वभाव तापट, मी वाद घातला. तिनं फोन दादाकडं दिला. आणि दादानं दुसरंच रडगाणं लावलं: त्याची ईश्वरी, सातवीतली, वर्गात सारखी बूट काढते, पाय फरशीला टेकवून बसते. शाळेतून तक्रार आलीय की ही नाटकं करते, दोनदा वर्गाबाहेर उभी केलीय. "मी बी दिली एक ठेवून," दादा म्हणाला. आई काय म्हणते, असं विचारलं. "आई काय, गप बसती." मी रजा टाकली आणि तिकीट काढलं.

वस्तीवर पोचले त्या संध्याकाळी ओट्यावर सगळे बसलेले असताना मी कागदावर घराण्याचं झाड काढलं. आमच्या कामाची ती पहिली पायरी: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला दुखणं आहे त्याची आकृती काळी भरायची. तात्यांनी चष्मा चढवून विचारलं, "ही कुणाची कुंडली काडलीस?" मी आईला विचारलं. ती म्हणाली नाही. दादाला विचारलं. तोही म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" मी त्याच्या पायांकडं बघितलं. आमचा दादा पंधरा वर्षं ट्रॅक्टर अनवाणी चालवतो. चप्पल घातली की क्लच कळत न्हाय, असं तो सांगतो आणि साऱ्या शिवारानं ते मानलंय.

"दादा, क्लच मोटारसायकललाही असतो. तो हातानं दाबतोस. मग तिथंही अनवाणी का?"

तो उठून गोठ्याकडं गेला. आई चहाच्या निमित्तानं आत गेली. कागदावर सगळे गोल आणि चौकोन कोरेच राहिले.

सकाळी मोरीपाशी आई आणि मी दोघीच होतो तेव्हा ती आपण होऊन बोलली. तिचं माहेर मोरगावकडचं, जिरायत, बाजरी आणि शेळ्या. तिच्या आईला हेच होतं. तिकडं प्यायला पाणी डोक्यावरून आणायचं, तर पायांना कुठून? ती माउली रांजणाखालच्या ओल्या वाळूत पाय रोवून उभी राहायची, तेवढाच गारवा. "आईनं मला शपत घातली हुती. सासरी बोलायचं न्हाय. दुखण्याची पोरगी कुणी करत न्हाय. आन् बाबांच्या मागं लागली, पोरीला पाटाच्या पाण्यातलं घर बघा. लोकं म्हनली, मोठ्या बागायतीचा सोस हाय हिला." आई नळाखाली पाय धरून उभी होती. "तिनं माझ्यासाटनं ऊस न्हाय बघितला. पाट बघितला."

मला रडू आलं ते मी आवरलं नाही. मग तिला समजावलं, तिला कळेल तसं. आपल्या नसांनाही दारं असतात, त्यातून दुखण्याचा निरोप पुढं जातो. आपल्या घराण्यातली ही दारं जरा ऊब लागली की उघडतात आणि नीट मिटत नाहीत. आईनं क्षणभर विचार केला. "मंग ती धरायला कुणीच न्हाय व्हय?"

"तेच काम करते मी, आई."

"असं सांग की मग," ती म्हणाली. इतक्या वर्षांत माझं काम तिला त्या सकाळी कळलं.

मी खोटी आशा दाखवली नाही. काहींना गोळीनं उतार पडतो, काहींना पडत नाही. तासन् तास पाण्यात पाय ठेवणंही वाईट, कातडी सडते. पण हे खरं दुखणं आहे, त्याला नाव आहे, आणि ईश्वरी नाटक करत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर आईनं पाय पुसले आणि चप्पल शोधू लागली. मी कुठं म्हणून विचारलं. "साळंत."

शाळेपर्यंत चप्पल घालून चालत गेली. मी रिक्षा म्हणत होते, ऐकलं नाही. वर्गाच्या दारात बाईंसमोर तिनं चपला काढल्या. पाय कुंकवासारखे लाल झाले होते. "बाई, बघा. पोरगी सोंग करत न्हाय. मला बी हाय, माझ्या आईला बी हुतं. चाळीस वरसं मी कुनाला सांगितलं न्हाय, ती माझी चूक. तिला बूट काडू द्या." बाई आधी गोंधळल्या, मग त्यांनी स्वतः माठातलं पाणी आणून आईच्या पायांवर ओतलं. पहिल्या बाकावर ईश्वरी आजीकडं डोळे फाडून बघत होती.

घरी आल्यावर आईनं माझ्याकडं तो कागद मागितला. आधी तिच्या आईचा गोल भरला, सावकाश, रेघेच्या बाहेर न जाता. मग स्वतःचा. मग पेन दादापुढं धरलं. दादानं इकडं तिकडं बघितलं आणि चौकोन भरला. तात्या म्हणाले, "मला वाटायचं हिला पाण्याची आवड हाय." त्यानंतर पंधरा दिवसांत तात्यांनी हौदाशेजारची जुनी सरी उकरून पाणी सोडलं. उसाचा तिच्याशी काही संबंध नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं ती फक्त थोडा वेळ पाय टेकवायला आहे, हे वस्तीला माहीत आहे.

स्वतःच्या घरच्यांची तपासणी मी करू शकत नाही, तसा नियम आहे आणि तो बरोबर आहे. पुण्यातल्या एका डॉक्टरीण बाईंनी रीतसर सगळं केलं. आईत जनुकातला तो बदल निघाला, दादात निघाला, ईश्वरीत निघाला. माझ्यात नाही. आई फोनवर म्हणाली, "तुला न्हाय ना? मग गंगेत घोडं न्हालं." मी हसले, आणि फोन ठेवल्यावर उगाचच एकटं वाटलं. एका ताटात जेवलो, एका पाटात खेळलो, आणि घराण्याची ही एक गोष्ट मला मिळाली नाही. असं वाटणं वेडेपणाचं आहे, माहीत आहे. पण बाहेर गेलेल्यांना हे समजेल.

इतकी वर्षं मला कुणी घराबद्दल विचारलं की मी ऊस, साखर कारखान्याचा भोंगा, डाळिंबाची फुलं सांगायचे. आता वाटतं, मी त्या घरात अठरा वर्षं राहिले आणि तिथं कुणाला काय दुखतं हे मला माहीत नव्हतं. ते दुखणं परक्या गावच्या पोस्टमननं मला दाखवलं. घर माझं झालं ते त्यानंतर. तुम्ही गावी असा नाहीतर परदेशी, फोनवर आईनं "बरी हाय मी" म्हटलं की लगेच विश्वास ठेवू नका, एवढंच सांगते.

रजा संपली तो दिवस सांगायचा राहिला. सकाळचं ऊन अजून चढलं नव्हतं. गाडी आंब्याखाली उभी होती, दारापासून पन्नाससाठ पावलं. वस्ती जमली, तात्यांनी पासपोर्ट बघितला. आई अनवाणी, सावकाश चालत गाडीपर्यंत आली. मागोमाग ईश्वरी तांब्या घेऊन, तीही अनवाणी. आईनं खिडकीवर हात ठेवला.

"त्या दिशी मला यायचं हुतं गं गाडीपातुर. दोन दिस चुलीपुढं उभी हुते तुझ्या लाडवापायी. पाय भुईला टेकवत नव्हता."

ईश्वरीनं सगळ्यांदेखत आजीच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, उरलेलं स्वतःच्या पायांवर. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. या खेपेला आईला बघायला मला मागं वळावं लागलं नाही. ती खिडकीपाशी होती.