फावडं पालथं

"फावडं पालथं!" आमच्या टोळीतली मावशी ओरडली की खाडीतले बगळेसुद्धा उठायचे. पातं वर ठेवून फावडं टाकलं की त्यावर कुणाचा तरी पाय पडणार, हे तिला आधीच दिसायचं. तुमच्याही कामावर असं एखादं माणूस असेल. त्याचं सगळं बरोबर असतं, आणि म्हणूनच त्याचा राग येतो.

रोह्यातली माझी कंपनी बंद पडली आणि मी पेणजवळ खाडीच्या बांधाला माती घालणाऱ्या टोळीत लागलो. पहिल्याच सकाळी जोशात दोन घमेली एकदम उचलायला गेलो. तिनं वरचं काढून घेतलं.

"कंपनीवाल्या, दुपारनंतर कोन उचलनार? तुजा सायेब?"

दिवसभर टकळी चालू. तहान लागायच्या आधी पाणी पी. घमेलं देताना समोरच्याच्या हाताकडं बघ, तोंडाकडं नको. एकदा चिखलातल्या शिंपल्यानं माझा तळहात कापला. मी मूठ मिटून काम करत राहिलो. तिनं मूठ उघडायला लावली, जखम धुतली, पदराची चिंधी बांधली आणि तेवढा वेळ शिव्या घातल्या.

"लपवतोस काय? हात तुजा हाय, पन उद्या खाडा टोळीला."

मग उधाणाचा दिवस आला. आम्ही बांधाच्या खाडीकडच्या अंगाला होतो. पाणी चढू लागलं, पायाखालची माती हलायला लागली. मावशीनं फावडं खांद्यावर घेतलं. "सगळे वर चला."

ठेकेदाराचा माणूस बांधावर खुर्ची टाकून बसला होता. "अजून तासभर काम होईल."

"तू खाली उतर, मंग आमी ऱ्हातो."

तो उतरला नाही. आम्ही वर आलो.

आणि काहीच झालं नाही. भरती आली, बांधाला लागली, परत गेली. ढेकूळसुद्धा ढासळलं नाही. राहिलेलं काम भरून काढायला रविवारी यायचं ठरलं आणि टोळी तिच्यावरच चिडली.

"म्हातारी भित्री झालीय," एकजण म्हणाला.

"पण कुणाला लागलं नाही ना?" मी म्हणालो.

"लागणारच नव्हतं!"

जे घडलंच नाही ते दाखवायचं कसं?

सोमवारी ठेकेदाराच्या माणसानं तिला बांधावरूनच परत पाठवलं. मी त्याच्याशी भांडलो. "तुला पण जायचंय?" त्यानं विचारलं. मावशीनंच मला दंडाला धरून मागं ओढलं.

"जा, कामाला लाग. नवीन मानसांकडं लक्ष ठेव." डबा काखेत मारून ती निघाली. टोळीतल्या कुणीच मान वर केली नाही.

परवा रोह्याला जाताना खांब गावाजवळ एसटी अडकली. हायवेच्या कामावर एक डंपर रिव्हर्समध्ये मागं येत होता, आणि त्याच्या वाटेत दोन्ही हात वर करून मावशी उभी होती. तिच्या पाठीशी दोन बायका वाकून खडी पसरत होत्या. डंपर त्यांना दिसलाही नव्हता. ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत होता.

मी एसटीची काच ओढली, ती अर्ध्यावरच अडकली. "मावशी!" हॉर्नच्या गोंगाटात तिला ऐकू गेलं नाही. एसटी सुटली. मी मागं वळून पाहत राहिलो. डंपर थांबला होता, ड्रायव्हर अजून ओरडत होता, आणि मावशी जागची हलली नव्हती.