चियांग माईचा सव्वा तास

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावजवळच्या बंजारा तांड्यातला देविदास वीसेक वर्षे सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवतो. विमानात तो कधी बसलेला नाही. त्यामुळे मुलगा दिपक थायलंडला हॉटेलातल्या नोकरीसाठी निघाला, तेव्हा एजंटाने सांगितलेले त्याने मान्य केले: बँकॉकला उतरायचे, तिथून चियांग माई. विमानाने जेमतेम सव्वा तास. रस्त्याने सातशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सबंध दिवस मोडणार.

दिपक बँकॉकला उतरला त्याच दिवशी दुपारी स्टँडवर जीप भरत आली असताना देविदासने फोन उघडला. आईच्या हट्टापायी दिपकने आपले लोकेशन चालू ठेवले होते. नकाशावरचा निळा ठिपका सकाळपासून रस्त्यानेच सरकत होता. आता तर चियांग माईकडे जाणारा हमरस्ता सोडून तो पश्चिमेला वळला होता. पुढे डोंगर, नदी आणि नदीपलीकडे म्यानमार.

पलीकडे नेलेल्या पोरांच्या बातम्या त्याने ऐकल्या होत्या. कोंडून ठेवतात, फोनवरून लोकांना फसवायला लावतात, नाही म्हटले की मारतात. त्यात खरे किती, हे त्याला ठाऊक नव्हते.

त्याने फोन लावला. दिपक म्हणाला, "बापू, इमान रद्द झालं म्हन्ले. व्हॅननं नेऊन राहिले."

"संगं कोन हाय?"

"एजंटाचा मानूस. हिंदी बोलतो. पासपोर्ट त्याच्यापाशीच हाय."

देविदास लगेच तांड्याच्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, शिरला; ती त्या माणसाला कळण्याची शक्यता कमी होती. पण चालत्या गाडीतून पोराला उतरवायचे कसे?

"देवा, मुहूर्त पाहून राहिला का?" मागच्या सीटवरून म्हातारी सोजराबाई ओरडली. "का बैल जुपायचे जीपला?" सवाऱ्या हसल्या.

ड्रायव्हर म्हणून त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती. रडण्याभांडण्याला न जुमानणारा ड्रायव्हरही उलटीला थांबतो. सीट खराब झालेली कोणत्याच मुलखात कोणाला परवडत नाही.

"घशात बोट घाल," तो म्हणाला. "खरोखर ओक. उतरवलं की मानसं दिसतील तिकडं पळ. सामानाकडं पाहू नको."

फोन बंद झाला. ठिपका सरकत राहिला. मग थांबला.

थांबला म्हणजे सुटला की सापडला, हे ठिपक्यावरून कळत नाही. देविदासने नकाशा बोटांनी मोठा करून पाहिला. सोजराबाईने आरशात त्याचा चेहरा पाहिला आणि तोंडाशी आलेला टोमणा गिळला.

फोन वाजला. आधी एका बाईचा, न कळणाऱ्या भाषेतला आवाज. मग दिपकचे हुंदके. "बापू, पेट्रोल पंपावर हाय. या बाईनं आत घेऊन कडी लावली. पोलिसाला फोन केला तिनं. तो मानूस भाईरच उभा हाय."

"कडीला हात लावू नको. फोन चालू ठेव. मी ऐकून राहिलो."

मग मागे वळून तो सवाऱ्यांना म्हणाला, "उतरा. दुसरी जीप पाहा. माझ्यानं आज गाडी चालवनं व्हत नाही."

एकेक जण खाली उतरला. देविदास रिकाम्या जीपमध्ये फोन कानाशी गच्च धरून बसला. फोनमध्ये दारावरच्या थापा ऐकू येत होत्या; एजंटाचा माणूस हिंदीत दार उघडायला सांगत होता.