भडक्याचा जोड

गल्लीत त्याला भडक्या म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. खिडक्यांचे ग्रिल बनवणारा हा माणूस आधी हात उचलायचा, मग कारण विचारायचा. पण कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "माझा जोड तुटला तर मिशी उतरवीन," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा, आणि मिशी शाबूत होती.

युद्धातून जीव वाचवून आलेल्या एका शिंप्याला त्याने आपल्या वर्कशॉपवरची खोली दिली. सोबत शिंप्याची बायको, म्हातारी आई आणि एक चिमुरडी मुलगी. भडक्याने शेगडी दिली, गाद्या दिल्या, कुठून तरी शिलाई मशीनही पैदा केलं. "या उपऱ्यांना डोक्यावर कशाला बसवता?" म्हणत भडक्याच्या मेव्हण्याने त्यांच्या खिडकीवर दगड मारला, तेव्हा भडक्याने त्याला भर रस्त्यात असा तुडवला, की त्याचे दोन दात गटारात गेले. भावाला मारलं म्हणून भडक्याच्या बायकोने अबोला धरला. त्याने पर्वा केली नाही.

त्याच संध्याकाळी त्याने खिडकीला जाड गजांचं ग्रिल बसवलं. काही दिवसांनी वर जाऊन पाहतो, तर शिंप्याने दोन गज आरीने कापलेले.

"माझ्या कामाला आरी लावतोस?" भडक्याने त्याची गचांडी धरली.

"दादा, तिकडे जिन्याला आग लावली होती," शिंपी मोडक्यातोडक्या भाषेत सांगू लागला. "खिडकीला गज होते. माझा भाऊ..."

"इथे माणसं राहतात! असलं काही होत नाही इथे."

भडक्याने गज पुन्हा जोडले, वर एक आडवी पट्टीही मारली. शिंप्याने आरी बाजूला ठेवली. ज्याने आसरा दिला त्याच्याशी किती भांडणार?

मेव्हणा भर दुपारी आला. सोबत चार टोळभैरव आणि पेट्रोलचा डबा. लाकडी जिना भसकन पेटला. भडक्या धावला. एकाच्या डोक्यात हातोडा घातला, दुसऱ्याचं मनगट मोडलं, मेव्हण्याला भिंतीवर आपटलं. तोवर जिना कोसळला होता. वायरी जळून गज कापायचा कटर बंद पडला. शिडी लावून तो खिडकीशी चढला, गजांत पहार अडकवून सगळा भार टाकला. गज वाकले, जोड हलेना. आत किंकाळ्या, बाहेर धुराचे लोट. "तूट, मेल्या, तूट!" स्वतःच्याच कामाला शिव्या घालत तो रडत होता. शेवटी त्याने चौकटीभोवतीची भिंतच फोडली. बोटं सोलवटली, तेव्हा कुठे ग्रिल चौकटीसकट खाली पडलं.

आधी मुलगी आली, मग तिची आई, मग म्हातारीला खांद्यावर घेऊन शिंपी. म्हातारीचा श्वास थांबला होता.

शिंप्याने आईला जमिनीवर निजवलं, उठला, आणि भडक्याच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. भडक्याने हात उचलला नाही.

"अजून मार," तो म्हणाला.

दुसरा ठोसा अर्ध्यातच राहिला. शिंपी त्याच्याच छातीवर कोसळला.

मेव्हणा तुरुंगात गेला. म्हातारीला पोचवून आल्यावर भडक्याने आरशासमोर बसून मिशी उतरवली. जोड तुटला नव्हता, तरी.

शिंपी आता वर्कशॉपच्याच पुढच्या भागात कपडे शिवतो. भडक्याच्या प्रत्येक ग्रिलला आतून उघडणारं एक दार असतं. गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ग्रिल शिंप्याच्या मुलीपुढे उभं करतात. तिच्या हाताने कडी निघाली तर ठीक. नाही निघाली, तर भडक्या एक शब्द न बोलता ते कापायला घेतो.