तळहाताचा श्वास

अकोल्याच्या जुन्या शहरात नारायणबुवा हरदासांच्या श्वासाची ख्याती होती. गळा तसा बेताचाच. पण एकदा दम घेतला की अख्खं पद संपेस्तोवर ते दुसरा घेत नसत. देवळातली पोरं बोटांवर आकडे मोजत आणि म्हाताऱ्या बायका काळजीनं आपलाच श्वास धरून बसत. मूर्तिजापूर, थेट धामणगावाहूनही त्यांना बोलावणी येत ती या श्वासासाठीच.

कीर्तनाला उभं राहताना ते एक वाक्य न चुकता म्हणत. कीर्तनकार उभा राहतो ती जागा म्हणजे नारदाची गादी. तिला हात लावून, तो हात कपाळाला लावून बुवा म्हणत, "इथं उभा राहिलो की मी बोलत नाही. बोलतो तो वरचा. मी आपला भोंगा." लोक हसत, बुवाही हसत. तीस वर्षं म्हटलेलं वाक्य. ते कधी आपल्याच अंगावर येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

एकोणीसशे चोवीस सालचा श्रावण होता. मोर्णेकाठच्या विठ्ठलाच्या देवळात बुवांचं गणेशचतुर्थीपर्यंत रोजचं कीर्तन लागलं होतं. चौथ्या दिवशी पद अर्ध्यावर असताना बुवांचा श्वास तुटला. खोकला नाही, ठसका नाही, नुसता संपला. तबल्यावर नत्थुजी होते, वीस वर्षांचे साथीदार. त्यांनी हात जोरात चालवून ती जागा झाकली आणि मान खाली घालूनच पुटपुटले, "बोला काईतरी, बुवा. गाऊ नका."

बोलायचं काय? बुवांचं वय छप्पन्न, आणि इतक्या वर्षांत गादीवर त्यांना घाम फुटला तो त्या दिवशी पहिल्यांदा. सकाळीच शेजारच्या शेषराव वकिलांनी ओसरीवर वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. मंगळ यंदा पृथ्वीच्या फार जवळ आला आहे आणि तिकडे कोणी राहतं का म्हणून विलायतेतले लोक कान लावून बसले आहेत, असं त्यात होतं. बुवांनी तेच धरलं.

"मंगळावर लोक राहतात बरं का," ते म्हणाले. "पण तिथं वारा फार विरळ. म्हणून त्यांना नाक नाही. बरगड्यांच्या दोन्ही अंगांना बारीक भेगा असतात, दाराच्या फटीसारख्या. सूर्य उगवताना जमिनीतून गार वाफ निघते, तेवढाच त्यांचा वारा. सारं गाव हात वर करून उभं राहतं आणि एकच श्वास घेतं. तो बरगड्यांखालच्या पिशवीत भरायचा, पाणी वाहणाऱ्या भिस्त्याच्या पखालीसारखा, आणि दुसऱ्या दिवसाच्या सूर्यापर्यंत पुरवायचा."

"मंग बोलत कसे असतीन?" बायकांतून कोणीतरी विचारलं.

"बेतानं. म्हणून तर तिथं भांडणं नाहीत. आपल्यासारखं भाजीबाजारात ओरडले तर दुपारीच आटोपतील."

देऊळ हसलं. तेवढ्यात बुवांचा दम परत आला आणि त्यांनी पद कसंबसं पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी लोक आधीच जागा धरून बसले होते. "बुवा, मंगळवाल्याइचं होऊ द्या!" बुवांना ते बरंच पडलं. बोलायला श्वास कमी लागे. ते रोज थोडं थोडं जोडत गेले. मंगळावरच्या बाळाला वर्षभर पिशवीच नसते. आई त्याच्या पाठीवर तळहात टेकून आपला श्वास त्याला देते, कारण त्यांच्या तळहातालाही भेगा असतात. म्हातारपणी पिशवी झिरपू लागली की माणसाला उंबरठ्यावर बसवतात. येणारा-जाणारा त्याच्या पाठीला हात लावतो, चिमूटभर श्वास देतो आणि आपल्या वाटेनं जातो. एका दिवशी गर्दी फार होती. लोकांनी हळहळावं म्हणून बुवांनी आणखी एक जोडलं, "मात्र देता देता मध्येच हात काढला, तर दोघांचाही श्वास तुटतो."

बायकांनी तोंडाला पदर लावला. बुवा त्या दिवशी खुशीत घरी गेले.

देवळाच्या दाराशी पार्बताबाई तुळशीच्या माळा विकायला बसे. तिचा नवरा देवीदास माळी. नदीकाठी त्यांचा भाजीचा मळा होता. पार्बताबाईला दमा होता. पावसाळ्यात तिला आडवं होता येत नसे, उशाला पाटा उभा करून ती बसल्या बसल्याच झोपे. पण बुवांचं कीर्तन तिनं कधी चुकवलं नाही. पायरीवर बसून, सुईत दोरा ओवता ओवता ती शब्दन् शब्द ऐके.

नागपंचमी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी देवीदास टोपलीभर दोडके घेऊन बुवांच्या ओसरीवर आला. टोपली ठेवली, पण बसेना.

"बुवा, राग नका मानू. ते तळहाताचं खरं हाय ना?"

"का रे?"

"पाच-सात दिवसाआधी पहाटे तिले उबळ आली. तुमी सांगतलं तसा मी पाठीवर हात ठेवला. ऊन वर येईस्तोवर काढला नाई. आन् उतरलं बाप्पा! मंग रोजचंच झालं. मी, माही बहीन, शेजारपाजारचे, सारे पाळीपाळीनं हात ठेवतो."

"चांगलं झालं की," बुवा म्हणाले.

"चांगलं कुठचं? कालपासून उतरतच नाई. ओठ निळे पडून राहिले. डाक्तर म्हनते दवाखान्यात आना, तिथं सुई देऊ. पन बायकोच जात नाई. म्हनते, घरात इतके हात असताना दवाखाना कशाले? आमचा श्वास लहान पडून राहिला, बुवा. तुमचा मोठा हाय. तुमी एक डाव हात ठेवा."

बुवा उठले. पायांत वहाणा सरकवताना त्यांनी मनाशी ठरवलं, की जाऊन खरं सांगून टाकायचं. लाज जाईल, जाऊ दे.

मळ्यातल्या घरात पार्बताबाई खाटेवर गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. छातीतून चरकासारखा आवाज येत होता. बुवांना पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पार्बताबाई, ऐक," बुवा म्हणाले. "ते मंगळाचं मी बनवून सांगितलं. माझा दम तुटला होता, वेळ मारून नेली. तसलं कोणी नाही कुठं. तू दवाखान्यात जा."

तिनं दोन-तीन श्वास गोळा केले. मग म्हणाली, "तुमी... कुठं बोलता, बुवा?"

"म्हणजे?"

"गादीवर तो बोलते. तुमी भोंगा. तीस सालापासून... ऐकून राहिली मी."

"अगं, ती म्हणायची रीत असते!"

"तुमाले वाटते तुमी बनवलं," ती म्हणाली, आणि हसायला गेली तर तिला खोकला आला. "भोंग्याले काय मालूम?"

बुवा खाटेच्या कडेला, तिच्या पाठीशी बसले. त्यांनी हात ठेवला. तेव्हा ती जरा निवल्यासारखी झाली, आणि याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

रात्रभर विचार करून त्यांनी एक युक्ती काढली. गादीवरून गेलेलं गादीवरूनच फिरवायचं. दुसऱ्या दिवशी कीर्तनात ते म्हणाले, "मंगळावर पिशवी फारच फाटली, तर नुसत्या हातांनी भागत नाही. तिथंही दवाखाने आहेत. शहाणे लोक आजाऱ्याला तिथं नेतात."

पुढंच बसलेले शेषराव वकील मोठ्यानं म्हणाले, "बुवा, मंगळावर सिव्हिल सर्जन नेमला कोणी? नागपूरच्या सरकारनं का?"

सारं देऊळ हसलं. नत्थुजींनीही तबल्यावर एक थाप मारली. बुवा मात्र दाराकडे पाहत होते. पायरी रिकामी होती. देवीदास तेवढा खांबाला टेकून उभा होता. कीर्तन सुटल्यावर तो धावत घरी गेला. सकाळी बुवांच्या ओसरीवर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"सांगतलं तिले. म्हनते, हे बुवा बोलले. आधीचं तो बोलला होता."

त्यानंतर बुवा रोज दुपारी मळ्यावर जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवू लागले. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. पोळ्याच्या दिवशी ते असेच बसले होते. नदीकाठची चढण चढून आल्यानं त्यांनाच दम लागला होता. तिला तो जाणवला. तिनं मान वळवून त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"बुवा, तुमचाच सरत आला की वो."

"माझं सोड."

"सोड कसा? तुमचा मी घेतला, तं कीर्तन कोन करन?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "चाला, न्या मले दवाखान्यात. पन बुवाचा हात पहिले नीट सुटू द्या. मधातच नोको."

बुवांनी मनातल्या मनात काहीतरी म्हटल्यासारखं करून सावकाश हात काढला. तीस वर्षांच्या कीर्तनात आलं नव्हतं ते पाणी त्यांच्या डोळ्यांत आलं.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत. बैल रंगवून, झुली घालून दाराशी उभे होते. तेव्हा शेजारच्या चौघांनी खाटच खांद्यावर घेतली. पार्बताबाई वरून म्हणाली, "अरे, जिवंत हावो अजून. इतकी घाई काहून करता?" चौघंही रडत-हसत चालू लागले. देवीदास बाजूनं धावत होता, त्याचा हात तिच्या पाठीवर. बुवा पुलापर्यंत गेले. पुलाच्या मध्यावर त्यांचा दम संपला आणि ते कठड्याला धरून उभे राहिले. खाट पलीकडच्या शहरात दिसेनाशी झाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवीदास बुवांच्या ओसरीवर आला. डोकं भादरलेलं होतं. बुवांनी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं.

"सुई देल्ली त्याइनं. बरं वाटलं होतं तिले. पेज पेली. मंग पहाटे परत आली उबळ. मी हात ठेवून होतो, बुवा, काढला नोता. कंपाउंडर आला, म्हने हवा येऊ द्या, बाजूले व्हा. मी नाई झालो. त्यानं खांद्याले धरून सरकवलं मले." तो थांबला. "तवाच गेली."

"देवीदास, तसं नसतं रे. तिचा आजारच—"

"दोघायचाबी तुटते म्हनले होते तुमी."

देवीदासनं आपला तळहात उलटा करून पाहिला.

"मंग माहा काहून चालू हाय?"

त्याच्या आवाजात राग असता तर बुवांनी तो घेतला असता. पण तो खरोखरच विचारत होता. ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना विचारावं, तसा. खोटं आहे म्हटलं, तर तिनं शेवटपर्यंत धरलेलं तेवढंही जात होतं. खरं आहे म्हटलं, तर या माणसाचा हात जन्मभर त्यालाच खात बसणार होता.

बुवा सरकून त्याच्याजवळ बसले, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

देवीदास हुंदका देऊन वाकला. मग हळूहळू त्याचा श्वास जागेवर आला. दिवेलागण झाली. देवळातून नत्थुजींचा तबला लावल्याचा आवाज आला, थोड्या वेळानं बोलावायला माणूस आला, आणि ओसरीवरचं पाहून खालीच उभा राहिला. बुवांचा हात बधिर झाला होता. तो आता काढायचा कसा, हे त्यांना कळत नव्हतं.