मसन्याऊद

बायको गेली तेव्हा उन्हाळा सरत आला होता. आमच्या राहू गावच्या कब्रस्तानात जमीन इतकी कडक झाली होती, की पहारीनं फोडून माती काढावी लागली. दफन करून आलो, लोक ओट्यावर टेकले. त्यात एक म्हातारे आप्पा सहज बोलून गेले, "काटं नीट टाकल्यात न्हवं? मळ्याकडं मसन्याऊद फिरतंय म्हणत्यात."

हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलेलो. मांजराहून मोठं, काळं, शेपूट लांबलचक. ताज्या मातीचा वास त्याला लांबून येतो. कबर उकरतं आणि आतलं माणूस ओढून नेतं. आम्ही झोपलो नाही की आई त्याचंच भय घालायची. पुढं उसाच्या ट्रॉल्यांना वेल्डिंग मारण्यात माझं सगळं आयुष्य गेलं आणि त्या जनावराची कधी आठवणही झाली नाही. त्या दिवशी लोक उठून गेले, घरात मी एकटा उरलो, आणि डोक्यात दुसरं काही येईचना.

सकाळी कोयता घेऊन गेलो. बाभळीच्या काटेरी फांद्या तोडल्या, कबरीवर दाट अंथरल्या, वर दगड ठेवले. तरी जीव थाऱ्यावर येईना. मग रोज दुपार कलल्यावर असरची नमाज झाली की तिथं जाऊन बसायला लागलो, दिवस बुडताना मगरिबची अजान होईपर्यंत. कुंपणाशी एक जुनं उंबराचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला पाठ टेकून बसायचो. आधी नुसता फातिहा पढायचो. पुढं पुढं बोलायला लागलो. गॅसची टाकी संपली. मेथी निवडायला घेतली होती, कंटाळून निम्मी टाकून दिली. तुझी शिलाई मशीन शेजारीण मागतेय, देऊ का?

कुंपणापलीकडं एकांचं शेत आहे. ते माझ्याच वयाचे, शाळेत शिपाई होते, आता रिटायर झालेत. बुद्धविहारामागं राहतात. गावात सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. संध्याकाळी मोटार चालू करायला येत. चार-सहा दिवस त्यांनी मला पाहिलं आणि एकदा कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"भाई, रोज कसली राखण करताय?"

"मसन्याऊद येतंय म्हणे."

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. "माझा बाप बघितलंय म्हणायचा," ते म्हणाले. "मला तर कवा दिसलं न्हाई. पर बसा तुम्ही. च्या आणतो."

मुलगा सणसवाडीला कंपनीत आहे, तिथंच भाड्याच्या खोलीत राहतो. त्याचा एकसारखा फोन. "अब्बा, इकडं या ना. एकटे काय करता तिथं?"

"माती अजून बसली नाही. जनावर फिरतंय."

"अब्बा, असलं काही नसतं."

"तू येऊन बघितलंस का?" मी म्हणायचो.

एका संध्याकाळी आभाळ भरून आलं, नेहमीपेक्षा लवकर अंधारलं. मागं पाला वाजला. वळून पाहिलं तर कुंपणाच्या भिंतीवरून ते येत होतं. काळं, शेपूट लांबलचक, अगदी आईनं सांगितलं तसं. कोयत्यावर माझा हात गेला. ते थांबलं. माझ्याकडं पाहिलं. मग सरळ उंबरावर चढलं आणि पिकलेली उंबरं खात बसलं. अर्धी खाल्लेली फळं माझ्या आसपास टपटप पडत होती. कबरींकडं त्यानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. पोट भरल्यावर आल्या वाटेनं निघून गेलं.

मला आधी फार हलकं वाटलं. तिला काही होणार नव्हतं. आणि मग एकदम वाटलं, आता उद्यापासून मी इथं कशाला यायचं? त्यानंतर मला रडू आलं. माती दिली तेव्हा आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. कुणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या सुट्टीला मुलगा आला आणि या वेळी मी नाही म्हटलं नाही. सणसवाडीत मुलगा-सून दोघं ड्युटीवर, नात शाळेत. मी दारात खुर्ची टाकून बसायचो. चाळीतली सगळी दारं कुलपात. शिफ्ट सुटली की माणसांचे लोंढे जायचे, त्यात ओळखीचं तोंड नाही. एकानं विचारलं, "चाचा, किसके यहाँ आये हो?" मी मुलाचं नाव सांगेपर्यंत तो पुढं निघूनही गेला होता. मुलं जीव लावत होती, त्यात खोट नाही. पण दिवसभर बोलायला कुणी नव्हतं, आणि जिच्याशी बोलायची सवय लागली होती ती राहूला होती. महिना भरायच्या आत मी परत आलो.

त्याच संध्याकाळी कब्रस्तानात गेलो. काटे वाळले होते, खालून गवत उगवलं होतं. मामा मला बघून लगबगीनं कुंपणाशी आले.

"तुम्ही नव्हता, तवा मी रोज चक्कर मारत व्हतो," ते म्हणाले. "अंधार पडंपर्यंत थांबायचो. काय बी आलं न्हाई. घोर करू नका."

शेवटी खरं ते सांगितलं. "मामा, ते उंबरं खायला येतं. मी पाहिलं. कबरीशी त्याला काही देणंघेणं नाही."

"कवा पाह्यलं?"

"सणसवाडीला जायच्या आधी."

ते कुंपणावर हात टेकून म्हणाले, "मंग सांगायचं न्हाई व्हय? म्हैस रोज उशिरा पिळली मी. घरी मालकीण बोल बोल बोलली."

मला हसू फुटलं. तेही हसले, पण लगेच थांबले. "उद्या येनार का?" त्यांनी विचारलं.

"येईन."

"या."

ते म्हशीकडं गेले. मी अजान होईपर्यंत बसलो. मग घरी आलो, कुलूप काढलं, सुनेनं बांधून दिलेला भात गरम केला. मुलाचा फोन आला. जेवलात का, विचारलं. मी म्हटलं, जेवतोय.