बरोबर सातचा अंगठा

ताइनानच्या आमच्या गल्लीत त्साय युए-न्यूबाईंची ऐट एकच: तायपेईतला लेक रोज उत्तर देतो! बाई पहाटे उठून मोबाइलवर कमळाचं चित्र निवडायच्या, त्यावर 'सुप्रभात, पोटभर जेव' असं लिहायच्या आणि पावणेसातला लेकाला, पाय-हुंगला, पाठवायच्या. सातला त्याच्याकडून अंगठ्याचं चित्र यायचं. या कमळांपायी देवळासमोरचा सकाळचा व्यायाम सुटला, तिथल्या मैत्रिणी तुटल्या. पण तो अंगठा गल्लीत कोणाला दाखवायचा राहिला नाही.

सोयादूधवाल्या च्यू-लानच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "मावशी, एक दिवस चित्र पाठवूच नका. बघू, लेक विचारतो का, आई, बरी आहेस ना?"

"विचारेल काय, धावत येईल!" बाई ठसक्यात म्हणाल्या.

मंगळवारी त्यांनी काहीच पाठवलं नाही. तरी सातला अंगठा आला.

"अहो मावशी," च्यू-लानला हसू आवरेना, "हा आपोआप येतोय! मोबाइललाच कामाला लावलंय त्याने."

बाई जुने निरोप मागे मागे सरकवत गेल्या. तीन वर्षं, रोज बरोबर सात. बाईंचा पाय मोडला तेव्हा त्यांनी इस्पितळातून प्लास्टरचा फोटो पाठवला होता, त्याखालीही सातचाच अंगठा. "लेक धीर देतोय," असं त्यांनी तेव्हा नर्सला कौतुकाने सांगितलं होतं.

च्यू-लानचं हसू मावळलं.

बुधवारी बाईंनी पुन्हा कमळ निवडलं आणि पाय-हुंगलाच पाठवलं. सकाळी बोलायला त्यांना दुसरं कोणी उरलंच नव्हतं.